कौसल्याताईंचा नंबर

माझ्या गळ्यातली नस कापून, आतून साफ करून, पुन्हा शिवली. मी वाचलो. आता दुकानात बसतो, दोन वेळा जेवतो, गिऱ्हाइकांशी भांडतो. लोक भेटतात तेव्हा गळ्यावरच्या व्रणाकडे बघतात आणि म्हणतात, "नशीबवान आहेस, देवराम." मी मान हलवतो आणि विषय बदलतो.

हाच आजार असलेल्या कुणाला हे वाचून थोडा धीर आला तर चांगलंच आहे. पण मी लिहितोय ते जास्त करून अशा माणसांसाठी, ज्यांना बरं झाल्यावर आनंद होत नाही आणि का होत नाही हे घरच्यांना सांगता येत नाही.

डोळ्यावरचा पडदा

गोंदियाला लागूनच असलेल्या मुर्रीत माझं घर आहे. घराच्या पुढच्या खोलीत मोटार रिवायंडिंगचं दुकान. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळतात, त्यांतली जुनी तार काढून मी नवी तांब्याची तार गुंडाळतो. तीस-एक वर्षं हेच काम करतोय.

त्या दिवशी दवनीवाड्याहून आलेली एक मोटार उघडून बसलो होतो. उजव्या डोळ्यासमोर वरून खाली करडा पडदा उतरला. दुखलं नाही, खुपलं नाही. डावा डोळा हातानं झाकून पाहिला तर सगळा अंधार. गिऱ्हाईक समोर बसलेलं होतं म्हणून मी ओरडलो नाही. काही मिनिटांत पडदा जसा आला तसा वर गेला. मी काम सुरू केलं.

जेवताना बायकोला, सुनंदाला, गंमत म्हणून सांगितलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"अना तुमी हे आता सांगून राहिले?"

दुसऱ्या दिवशी तिनंच मला गोंदियातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गळ्याला नळी लावून ऐकलं, मग गळ्याची सोनोग्राफी करायला लावली. ती पाहून ते म्हणाले, "डोळ्याला काही झालेलं नाही. गळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या उजव्या नसेत चरबीचा थर साचला आहे. त्याचा बारीकसा तुकडा सुटून डोळ्याच्या नसेत अडकला आणि विरघळला. पुढचा तुकडा मेंदूत गेला तर लकवा होईल."

मला शब्द ऐकू येत होते, पण ते बाजूच्या खुर्चीवरच्या माणसाबद्दल बोलताहेत असं वाटत होतं. सुनंदानं विचारलं, "ऑपरेशन?"

"नस अर्ध्यापेक्षा कमी बंद आहे. एवढ्याला सहसा ऑपरेशन करत नाहीत, गोळ्या देतात," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण सगळे थर सारखे नसतात. काही कडक होऊन वर्षानुवर्षं गप्प बसतात. काहींच्या आत सूज असते, वरची साल पातळ असते. ते फुटतात. तुमचा कोणत्या जातीचा आहे, ते या सोनोग्राफीत कळत नाही."

नागपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात यावरच अभ्यास चालू होता. एमआरआयच्या आधी शिरेतून एक औषध देतात. नेहमीचं औषध रक्ताबरोबर सगळीकडे फिरतं आणि नसा उठून दिसतात. नवं औषध मात्र सूज असलेल्या जागी जाऊन चिकटतं आणि तेवढीच जागा चमकते. ते अजून बाजारात आलेलं नव्हतं. अभ्यासात येणाऱ्या रोग्यांपैकी काहींना नवं औषध द्यायचे, काहींना नेहमीचं. कुणाला कोणतं, हे कॉम्प्युटर ठरवायचा. "जायचं की नाही ते तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाले.

बाकड्यावरची ओळख

बाहेर बाकड्यावर एक नवरा-बायको बसलेले होते. बाई ठेंगणी, आवाज खणखणीत. कौसल्याताई. नवरा मारोतीभाऊ, उंच, मोजकं बोलणारा. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरीची धानाची शेती. रोवणी चालू असताना कौसल्याताईंच्या उजव्या हातातून पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी गळून पडली. उचलायला गेल्या तर बोटं ऐकेनात. बाजूच्या बाईला काही सांगायला गेल्या तर भलतेच शब्द तोंडातून आले. थोड्या वेळानं सगळं ठीक झालं आणि त्यांनी उरलेली बांधी, म्हणजे शेताचा तो तुकडा, रोवून काढली.

त्यांचंही तेच होतं, फक्त डाव्या नसेत. डॉक्टरांनी त्यांनाही नागपूरचं सांगितलं होतं आणि मारोतीभाऊ तयार नव्हते.

"आमच्यावर परयोग कायले करता म्हणतो मी. गरिबाले पकडून."

मी मध्ये बोललो. कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "मारोतीभाऊ, तुमची मोटार कधी जळली काय?"

"दर साली जळते."

"सगळी तार एकदम नाही जळत. एका जागी तारेवरचं वार्निश सडलेलं असते, तिथून सुरू होते. ती जागा पहिलेच सापडली तर मोटार वाचते. हे तसंच आहे."

मारोतीभाऊंनी माझ्याकडे नीट पाहिलं. कौसल्याताई हसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पहा, याह्यले समजते. आपन याह्यच्यासंग जाऊ."

म्हणजे त्यांना मीच नेलं. मला एकट्यानं जायची भीती वाटत होती, म्हणून सोबत हवी होती. हे तेव्हा मला कळलं नाही, नंतर कळलं.

नागपूर

आदल्या दिवशी दोघं आमच्याकडे मुक्कामाला आले. कौसल्याताईंनी बांबूचे कोवळे कोंब आणले होते. त्या आणि सुनंदा ते चिरत बसल्या आणि पाहता पाहता दोघींची अशी गट्टी जमली की आम्हा पुरुषांकडे कुणी पाहीना. सकाळच्या गाडीनं आम्ही चौघं नागपूरला गेलो.

तिथे या अभ्यासाचं काम पाहणारी एक बाई होती. तिनं अभ्यासाची सगळी माहिती पुन्हा मराठीतून समजावली, सह्या घेतल्या आणि मग प्रश्न विचारायला लागली. अंगात धातू आहे काय? पेसमेकर? लोखंडाचं काम करता काय?

"ग्राइंडर चालवतो," मी म्हटलं.

तिनं पेन थांबवलं. लोखंडाचा बारीक कण डोळ्यात रुतून बसलेला असेल तर एमआरआयचं चुंबक त्याला ओढतं, म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायला पाठवलं. त्यात वेळ गेला, आणि त्या वेळात माझी भीती वाढली. चुंबक काय करतं ते मला ठाऊक आहे. आयुष्यभर कॉइल गुंडाळल्या, आता त्या मशीनमधल्या कॉइलच्या पोटात जायचं होतं. एक्स-रे साफ निघाला, पण परत आल्यावरही भीती गेली नाही. एकदा तर सुनंदाला म्हटलंही, "चल, घरी जाऊ."

पहिला नंबर कौसल्याताईंचा होता. त्यांनी हॉस्पिटलचा तो मागून बांधायचा झगा घातला होता, बांगड्या काढून मारोतीभाऊंकडे दिल्या होत्या. नाव पुकारलं. त्या उठल्या, माझ्याकडे पाहिलं आणि उभ्याच राहिल्या.

"भाऊ, तुमी व्हा पैले. तुमाले इथं बसवून ठेवलं तं तुमी पळून जासान."

काम पाहणारी बाई म्हणाली, "कुणीही आधी आलं तरी चालेल आम्हाला."

एका शब्दानं तरी मी म्हणायला हवं होतं, नाही ताई, तुमचा नंबर आहे. म्हटलं नाही. मला सुटकाच वाटली. लवकर आत जाऊन लवकर बाहेर येऊ, एवढाच विचार. मी आत गेलो. तिकडे कॉम्प्युटरनं माझ्या नावापुढे काय काढलं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

शिरेतून औषध दिलं. ते जागेवर पोचेपर्यंत बराच वेळ थांबवलं आणि मग मशीनच्या नळीत घातलं. गळ्याभोवती एक पट्टा बसवला होता. ठोक ठोक आवाज, मग कर्कश घरघर, मग पुन्हा ठोक ठोक. सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे आवंढा गिळायचा नाही. आणि नको म्हटल्यावर दर क्षणाला गिळावासा वाटतो. मशीन चालवणारा माणूस कानातल्या भोंग्यातून बोलत राहिला, "भैया, निगलना मत. बहुत अच्छा. बस थोडा और." तो माणूस मी नंतर पाहिलासुद्धा नाही, पण त्याच्या आवाजाला धरून मी आत टिकलो. ज्यांना ही तपासणी करायची आहे त्यांना सांगतो, डोळे आत जायच्या आधीच मिटा आणि बाहेर आल्यावरच उघडा.

माझ्यानंतर कौसल्याताई गेल्या. बाहेर आल्या त्या डोळे चोळत.

"मले तं झोपच लागली."

स्टेशनावर आम्ही गरम भजी खाल्ली. मारोतीभाऊ त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

दोन निकाल

नागपूरहून दोघांनाही एकाच दिवशी फोन आले. तिथल्या डॉक्टर मॅडम स्वतः बोलल्या. मला नवं औषध मिळालं होतं. थराचा आतला भाग चमकत होता आणि वरची साल एका जागी जवळजवळ नव्हतीच. "उशीर नको," मॅडम म्हणाल्या. "नस उघडून थर काढू."

कौसल्याताईंना नेहमीचं औषध मिळालं होतं. त्यात काळजीसारखं काही दिसलं नव्हतं. गोळ्या चालू ठेवायच्या आणि पुन्हा दाखवायला यायचं.

फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की बाईचं नशीब बरं, गोळ्यांवर सुटली. मला तिचा हेवा वाटला. रागसुद्धा आला थोडा. पुढे काय झालं ते कळल्यापासून हा विचार मला जेवढा टोचतो तेवढं दुसरं काही टोचत नाही.

कौसल्याताईंचा फोन संध्याकाळी आला. "भाऊ, भिऊ नोका. मी देवीले तुमच्यासाठी नारळ बोलली."

वॉर्ड

ऑपरेशनबद्दल जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही, मी झोपलेला होतो. उठलो तेव्हा परिचारिकेनं विचारलं, नाव काय, गाव कोणतं, हात दाबा, दात दाखवा. हे ती पुन्हा पुन्हा येऊन विचारायची. पहिल्या वेळी वाटलं, बाई विसरते काय? मग कळलं की ती माझा मेंदू जागेवर आहे काय ते पाहते. त्यानंतर तिनं हाक मारायच्या आधीच मी दात दाखवायला लागलो.

आवाज बसला होता. गिळताना दुखायचं. गळ्याची उजवी बाजू बधिर, दाढी करताना आपली कातडी दुसऱ्याची वाटायची, अजूनही वाटते. सुनंदा बाकड्यावर बसून असायची. दुपारी शेजारची खाट रिकामी झाली की ती परिचारिका मुद्दाम पाठ फिरवायची, म्हणजे सुनंदाला थोडं आडवं होता यावं. असल्या गोष्टी बिलात लिहिलेल्या नसतात, पण त्यांच्यावरच माणूस घरी पोचतो.

घरी आलो. टाके निघाले. अंगात थोडं बळ आल्यावर मी म्हटलं, कौसल्याताईंना फोन लावतो, नारळ फोडायचा राहिला असेल. सुनंदा म्हणाली, "उद्या लावा." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. ती भाजी आणायला गेली तेव्हा मी लावला.

मारोतीभाऊंनी उचलला.

"कौसल्याताईंले द्या," मी म्हटलं.

"थे बोलू नाई शकत."

"झोपल्या काय?"

"नाई. झटका आला. उजवा हात-पाय गेला. बोलनं गेलं." मग म्हणाले, "तुमच्या घरी माईत आहे." आणि फोन ठेवला.

सुनंदा पिशवी घेऊन आत आली तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. आवाज बसलेला असल्यामुळे ते ओरडणंही नीट जमलं नाही. तिनं पिशवी खाली ठेवली.

"टाके ओले होते तुमचे. बीपी चढलं असतं तं? मी एकाच माणसाचा विचार केला. दोघांचा विचार करायची माझी ताकद नव्हती."

तिला हे कधी आणि कसं कळलं, हे मी विचारलंही नाही. नंतर कळलं, मी वॉर्डात असतानाच एका दुपारी गोंदियाहून आलेल्या कुणा नातेवाइकाला माझ्याजवळ बसवून ती नागपुरातच दुसऱ्या दवाखान्यात जाऊन कौसल्याताईंना पाहून आली होती. आणि परत येऊन माझ्यासमोर बसून मोसंबी सोलली होती.

मॅडमचं उत्तर

तपासणीला नागपूरला गेलो तेव्हा डॉक्टर मॅडमना सरळ विचारलं.

"कौसल्याताईंना नवं औषध दिलं असतं तर दिसलं असतं काय?"

"सांगता येत नाही. दिसलं असतं, नसतंही."

"आणि माझं ऑपरेशन झालं नसतं तर माझा थर फुटला असता?"

"तेही सांगता येत नाही. धोका जास्त होता एवढंच." त्या शांतपणे म्हणाल्या, "हे सगळं कळावं म्हणूनच तर अभ्यास करतोय. कळलेलं असतं तर दोन गट केलेच नसते."

मग मी खरा प्रश्न विचारला. "त्या दिवशी पहिला नंबर त्यांचा होता. त्यांनी मला आधी पाठवलं. त्या आधी गेल्या असत्या तर?"

सुनंदानं माझा हात दाबला, कायले विचारता म्हणून.

"कॉम्प्युटरनं क्रम आधीच काढून ठेवलेला असतो," मॅडम म्हणाल्या. "जो आत येईल त्याला पुढचं औषध. तुम्ही विचारताय म्हणून खोटं सांगणार नाही. नवं औषध त्यांना मिळालं असतं आणि नेहमीचं तुम्हाला. पण देवरामजी, हे त्यांनाही माहीत नव्हतं, तुम्हालाही नव्हतं, आम्हालाही नव्हतं."

मी मान हलवली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बरोबर असून काही उपयोग नव्हता.

निघताना त्या म्हणाल्या, "माझं एक काम कराल? कौसल्याबाईंचे मिस्टर आमचा फोन उचलत नाहीत. ती नस अजून तशीच आहे. पुन्हा झटका येऊ शकतो, आणि मग आता आहे तेवढंही राहणार नाही. मी आमच्या समितीकडून त्यांच्यासाठी नव्या औषधाची परवानगी घेतली आहे. त्यांना लवकर आणायला हवं."

गाडीत मी सुनंदाशी बोललो नाही. घरी आल्यावर तिनं जेवण घालायचा विषय काढला. मी बरा झालो म्हणून गल्लीतल्या लोकांना जेवण द्यायचं तिनं मनाशी ठरवलं होतं.

"जेवण नको," मी म्हटलं. "लोक माझ्या वाचण्यावर जेवतील आणि तिकडे ती बाई…"

"तुमी वाचले याची मी लाज धरू काय?" सुनंदा एकदम म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुमाले वाटते तं तुमी धरा. मी नाही धरणार. मी देवापुढं हात जोडून एकच मागितलं होतं."

तिचं बरोबर होतं. माझंही चूक नव्हतं. त्या रागातच आम्ही जेवलो. झोपायच्या आधी ती म्हणाली, "केशोरीले कधी जायचं? मी येते."

केशोरी

धान कापणीला आलेलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बांध्या पिवळ्या झाल्या होत्या. मारोतीभाऊ शेतात होते. कौसल्याताई ओसरीत खाटेवर बसलेल्या होत्या, पाठीला गोणपाटाची गुंडाळी. उजवा हात मांडीवर ठेवलेला, बाहेरून कुणी आणून ठेवल्यासारखा. आम्हाला पाहून चेहऱ्याची एक बाजू हसली.

मी जवळ बसलो. त्यांनी डावा हात वर केला आणि माझ्या गळ्यावरच्या व्रणावरून एक बोट हळूच फिरवलं. काही तरी विचारायचं होतं. "पा… पाट… पाटी," त्या म्हणाल्या, मान जोरात हलवली आणि पुन्हा म्हणाल्या, "पाटी." शब्द चुकला हे त्यांना कळत होतं. खणखणीत बोलणारी ती बाई एका शब्दासाठी चाचपडत होती आणि तो शब्द हाताला लागत नव्हता.

"दुखत नाही आता," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. तेच विचारायचं होतं.

मारोतीभाऊ आले. पाय धुतले, समोर बसले, पाणी घ्या म्हणूनही म्हणाले नाहीत. मी मॅडमचा निरोप सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं.

"एकदा तुमच्या नादानं गेलो," ते म्हणाले. "मोटारीची गोष्ट सांगून नेलं तुमी. तुमची मोटार दुरुस्त झाली."

यावर मी काही तरी गुळमुळीत बोलून परत येऊ शकलो असतो. पण सांगायचं ठरवूनच आलो होतो. नंबराचं सगळं सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या तेही जसंच्या तसं. कौसल्याताई ऐकत होत्या. बोलणं गेलं होतं, समजणं नाही. त्या माझ्याकडे टक लावून पाहत होत्या आणि मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं, म्हणून मी मारोतीभाऊंच्या ओल्या पायांकडे पाहून बोललो.

बोलून झाल्यावर मी मान वर केली.

"हे तुमी आमाले सांगाले आले," मारोतीभाऊ म्हणाले, "का सोताले हलकं कराले आले?"

"दोन्ही," मी म्हटलं.

ते उठले. "मंग झालं असन तं निघा. मी हिले कुटंबी नेत नाई. अजून काय काढाचं आहे तुमाले हिच्यातून?"

मी उठलो. सुनंदा उठली नाही. ती मारोतीभाऊंकडे न पाहता खाटेजवळ सरकली.

"ताई, मी तुमालेच विचारते. तुमाले जायचं आहे काय?"

कौसल्याताईंनी डावा हात खाटेखाली दाखवला. "इळा," त्या म्हणाल्या. "इळा. इळा!"

"इळा काऊन पाह्यजे आता?" मारोतीभाऊ वैतागून म्हणाले.

कौसल्याताईंनी खाटेवर हात आपटला. डोळ्यांतून पाणी येत होतं, रागाचं. "इळा!" सुनंदा खाली वाकली. खाटेखाली विळा नव्हता, कौसल्याताईंच्या चपला होत्या. तिनं त्या काढून समोर ठेवल्या. कौसल्याताईंनी डावा पाय एका चपलेत घातला. मग डाव्या हातानं उजवी पोटरी धरली आणि तो पाय दुसऱ्या चपलेकडे ढकलू लागल्या. चप्पल सरकत होती, पाय जात नव्हता.

मारोतीभाऊ उभे राहून पाहत होते. मग ते खाली बसले, बायकोचा पाय हातात घेतला आणि चपलेत घातला.

त्यानंतर

नागपूरला त्यांना नवं औषध दिलं. या वेळी मी बाहेर बसलो होतो. निकाल आला तेव्हा मॅडमनी मारोतीभाऊंना पडद्यावर दाखवलं. डाव्या नसेतला थर चमकत होता. ऑपरेशन ठरलं, झालं, नीट झालं.

सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. पण त्या चमकत्या ठिपक्याचा दुसरा अर्थ मी टाळू शकत नव्हतो. आज दिसलं म्हणजे तेव्हाही दिसलं असतं. मॅडम म्हणाल्या, मधल्या काळात थर बदललेला असू शकतो, तसा निष्कर्ष काढू नका. मी काढतो. माझ्यासारख्या माणसांना डॉक्टर आणि घरचे हेच सांगतील की तुमचा दोष नाही. खरंच नसतो. पण दोष नसणं वेगळं आणि कुणाच्या तरी वाट्याचं आपल्या अंगात असणं वेगळं. त्यावर गोळी नाही. मला एवढंच जमलं की तोंड लपवून बसलो नाही, जात राहिलो.

केशोरीला आम्ही अधूनमधून जातो. मारोतीभाऊ माझ्याशी फारसं बोलत नाहीत. पण उन्हाळी धानाच्या वेळी त्यांची मोटार जळली तेव्हा अर्जुनीत दोन दुकानं असताना त्यांनी ती बसवर टाकून माझ्याकडे पाठवली. मी ती जितकी जपून गुंडाळली तितकी कुठलीच गुंडाळली नसेल.

कौसल्याताई काठी घेऊन चालतात. बोलणं शिकवणाऱ्या बाई फोनवरून सराव करून घेतात. शब्द परत येताहेत, हळूहळू, भलत्याच क्रमानं. शिव्या सगळ्यात आधी आल्या, असं सुनंदा सांगते.

मागच्या खेपेला दोघी अंगणात बसल्या होत्या. मारोतीभाऊ शेतात होते. बरेच दिवस विचारायचं होतं ते मी विचारलं.

"ताई, तुम्हाला तेव्हा माहीत असतं, तरी मला आधी जा म्हटलं असतं काय?"

सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं की दुसरं कुणी असतं तर उठून गेलं असतं. कौसल्याताईंनी मात्र प्रश्न नीट ऐकला. उत्तर जुळवायला त्यांना वेळ लागला. त्या एक शब्द उचलायच्या, तपासायच्या, बाजूला ठेवायच्या.

"माईत… असतं," त्या म्हणाल्या. "तं… मीच… गेली असती."

"जायलाच पाहिजे होतं," मी म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या. तो शब्द लगेच आला.

इतके महिने मला सगळे सांगत होते की तुझ्यामुळे तिचं काही गेलं नाही, तू काही घेतलं नाही. त्या बाईनं पहिल्यांदा म्हटलं की जे गेलं ते तिचं होतं आणि तिला ते हवं होतं. त्यात राग नव्हता, माफीही नव्हती.

बसमध्ये बसल्यावर सुनंदानं विचारलं, "लागलं काय मनाले?"

"लागलं," मी म्हटलं. "बरं झालं, लागलं."